मुका मार

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारचा चहा घेत पेपर वाचत बसलो होतो, तर दाराची बेल वाजली. दारात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची बायको. घामाघूम झालेली, आणि हातात एमआरआयच्या फिल्मची ती भली मोठी पिशवी. आमचं घर काशीमीरा नाक्याजवळ, त्यामुळे हायवेचा गोंगाट कायमचाच. खिडक्या लावून घेतल्या, तिला पाणी दिलं आणि विचारलं, "काय गं, कोणाला काय झालं?"

"यांचा रिपोर्ट आहे, सर. नॉर्मल आलाय." एवढं बोलून ती रडायलाच लागली.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून रडणारं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

नवऱ्याचं वय बावन्न. एका खाजगी कंपनीत स्टोअर सांभाळायचा. गेली चार-पाच वर्षं त्याचं काहीतरी बिनसलंय. एकच प्रश्न तीनतीनदा विचारतो. बारीकसारीक गोष्टीवरून ताट भिरकावतो आणि मग स्वतःच रडत बसतो. एकदा तर स्कूटर स्टेशनजवळ लावली, रिक्षाने घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर चोरीला गेली म्हणून पोलिसांत निघाला! नातेवाईक म्हणतात पितो. (तो सुपारीसुद्धा खात नाही.) कंपनीत म्हणतात नाटकं करतो. "फोटोत काहीतरी निघालं असतं तर निदान तोंडं तरी बंद झाली असती हो..." ती म्हणाली.

मेंदूच्या डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. गाठ नाही, रक्तस्राव नाही, अर्धांगाची खूण नाही, हे चांगलंच आहे. पण फोटोत सगळंच दिसतं असं नाही. मग त्यांनी विचारलं, याच्या डोक्याला कधी मार लागला होता का? किती वेळा? शुद्ध हरपली होती का? पुढच्या वेळी सगळी हिस्टरी लिहून आणा.

"यांना काही आठवत नाही, सर. म्हणाले, आपल्या सरांना विचार. शाळेत असताना मी कबड्डी खेळायचो, सर तिथेच असायचे."

मी तिथेच असायचो, हे खरं. तेवढ्याने माझी झोप उडाली. पण त्याचं नंतर सांगतो.

तर मंडळी, त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. मी मराठी माध्यमाचा बी.ए., त्यात इतिहासाचा मास्तर. डॉक्टरी इंग्रजी वाचायचं म्हणजे एका हाताशी शब्दकोश. नातीने कॉम्प्युटरवर लेख काढून दिले, काही ठिकाणी समजावूनही दिलं. जे मला नीट उमगलं तेवढंच लिहितो आहे.

आपल्या भाषेत एक फार चांगला शब्द आहे, 'मुका मार'. रक्त नाही, जखम नाही, टाका घालायला जागा नाही, पण आत दुखतंय. आजी हळद-गूळ द्यायची आणि शेक द्यायची. पाठीला, मांडीला मुका मार बसला तर तो बोलतो तरी, दुखतो, काळानिळा पडतो. डोक्याला बसला तर?

डोक्याच्या माराची माझी पहिली आठवण 1962 ची. मी तेव्हा सातवीत. आपला क्रिकेटचा संघ वेस्ट इंडीजला गेला होता आणि कप्तान होते नरी कॉन्ट्रॅक्टर. त्याच मोसमात त्यांच्या हाताखाली आपण इंग्लंडला पहिल्यांदा मालिकेत हरवलं होतं, त्यामुळे घराघरांत त्यांचं नाव. मार्च महिन्यात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या कानाच्या वर बसला. तेव्हा हेल्मेट कुठलं! कवटी फुटली. सहा दिवस शुद्ध नव्हती. रक्त दिलं ते चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी, आणि प्रतिस्पर्धी संघाचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनीसुद्धा. मोठी माणसं पेपर वाचून दाखवायची आणि आम्ही पोरं गप्प बसून ऐकायचो. पुढे त्याच वर्षी वेल्लोरला डॉ. जेकब चांडींनी त्यांच्या डोक्यात धातूची पट्टी बसवली. भारतातला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग 1949 साली याच चांडींनी वेल्लोरला सुरू केला होता. ती पट्टी साठ वर्षं डोक्यात राहिली आणि 2022 मध्ये मुंबईत हिंदुजा रुग्णालयात काढली. कॉन्ट्रॅक्टर नंतर रणजी खेळले, कसोटी मात्र पुन्हा मिळाली नाही.

आता यात इतिहासाच्या मास्तराला दिसतं ते असं. 1962 च्या डॉक्टरांकडे मेंदू बघायला साधनच नव्हतं. राँटजेनचा क्ष-किरण 1895 पासून होता, पण त्यात दिसतं ते हाड. कवटीची तडा गेलेली रेघ दिसेल. आतला लोण्यासारखा मऊ मेंदू दिसणार नाही. रक्तवाहिन्यांत औषध सोडून फोटो घ्यायची युक्ती 1927 पासून होती. त्याआधी अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढायची रीत काढली होती. हवा भरल्यावर रोग्याचं डोकं असं दुखायचं की भिंतीवर आपटून घ्यावं. थोडक्यात, कवटी म्हणजे बंद पेटी. आत काय झालंय ते बाहेरून ओळखायचं, नाहीतर पेटी उघडायची.

ही पेटी न उघडता आत पाहता आलं ते 1 ऑक्टोबर 1971 ला, लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड नावाच्या इंजिनियरने केलेल्या सीटी स्कॅनच्या यंत्रात पहिल्यांदा जिवंत माणसाचा मेंदू कापाकापांनी दिसला. आणि गंमत बघा, हा माणूस नोकरीला होता ईएमआय कंपनीत. म्हणजे आपल्याकडच्या कुत्र्याच्या चित्राच्या एच.एम.व्ही. तबकड्या होत्या ना, त्यांचं विलायतेतलं मूळ घर! हाउन्सफिल्डना 1979 चं नोबेल मिळालं, अ‍ॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर. नंतर एमआरआय आला, त्याचं नोबेल 2003 मध्ये लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना. अपघातानंतर तासाभरात सीटी काढून रक्ताची गाठ सापडते आणि माणूस वाचतो, हे आज आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्याचं आश्चर्य वाटत नाही. आमच्या हायवेवर रोज पडणाऱ्या मोटारसायकलवाल्या पोरांतले कित्येक या यंत्राच्या पुण्याईने घरी परत जातात.

पण ही सगळी कथा एका मोठ्या फटक्याची. माझ्या विद्यार्थ्याची कथा वेगळी आहे. छोटे छोटे फटके, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. त्याचा इतिहास दुसऱ्या वाटेने गेला, आणि तो सुरू झाला मुष्टियुद्धाच्या रिंगणात.

अमेरिकेत नेवार्क इथे हॅरिसन मार्टलँड नावाचे डॉक्टर सरकारी शवचिकित्सक होते. घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियम रंगवणाऱ्या मुलींच्या हाडांना काय होतं ते शोधणारे हेच. 1928 साली त्यांनी बॉक्सरांवर लेख लिहिला. जुने मुष्टियोद्धे दारू न पिता झिंगल्यासारखे चालतात, जीभ जड होते, हात कापतात, काहींची पुढे बुद्धी जाते. रिंगणाभोवतीच्या लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं. ते अशा माणसाला 'ठोसे खाऊन झिंगलेला' म्हणायचे आणि हसायचे. मार्टलँडनी त्या हसण्याच्या शब्दाला वैद्यकात आणलं. पंचेचाळीस वर्षांनी, 1973 मध्ये इंग्लंडच्या कोर्सेलिस यांनी पंधरा निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासून त्यातली झीज सविस्तर मांडली. मेंदू तपासले म्हणजे अर्थात मेल्यावर.

लोकांना वाटायचं, हा बॉक्सिंगचा प्रश्न. आपण कशाला काळजी करा? मग 2002 साली पिट्सबर्गमध्ये माइक वेब्स्टर हा अमेरिकन फुटबॉलचा गाजलेला खेळाडू पन्नासाव्या वर्षी वारला. शेवटची वर्षं हलाखीत, स्वतःच्या गाडीत झोपून काढलेली. शवविच्छेदन केलं बेनेट ओमालू या नायजेरियातून आलेल्या तरुण डॉक्टरने. मेंदू वरून बघता चांगला दिसत होता! ओमालूंनी तरी त्याचे पातळ काप करून घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर 'टाऊ' नावाच्या प्रथिनाचे गुंते. हे टाऊ म्हणजे मेंदूच्या तंतूंना आतून आधार देणारं प्रथिन. तंतूंना पुन्हा पुन्हा ताण बसला की ते सुटतं, त्याच्या गाठी होतात आणि त्या हळूहळू पसरतात. या आजारात त्या गाठी जमतात मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती. आजाराचं नाव सीटीई. 2005 मध्ये हे छापून आल्यावर तिथल्या व्यावसायिक लीगच्या डॉक्टरांनी ओमालूंचा लेख मागे घ्यायला लावायचा प्रयत्न केला. पुढे 2017 मध्ये बोस्टनच्या अ‍ॅन मकी यांनी तिथल्या 111 व्यावसायिक खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातल्या 110 मध्ये हा आजार सापडला.

इथे एक सावधगिरी. हा आकडा वाचून माझ्या नातीचे डोळे विस्फारले. पण मेंदू दान केले कोणी? ज्यांच्या घरात त्रास दिसत होता त्यांनी. म्हणजे खेळणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना हा आजार होतो असा अर्थ काढायचा नाही. आम्ही बखरी वाचताना विद्यार्थ्यांना हेच सांगायचो, बखर कोणी जपून ठेवली ते आधी बघा. त्यातल्या त्यात भक्कम पुरावा मला ग्लासगोचा वाटला. 2019 मध्ये स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तिथल्या सामान्य माणसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंत साडेतीन पट. आपला साधा फुटबॉल, ज्यात चेंडू डोक्याने मारतात!

आता मूळ प्रश्नावर येतो. जिवंत माणसात हे दिसेल असा फोटो निघतो का? तिला मी हेच सांगणार होतो.

साध्या सीटीत आणि नेहमीच्या एमआरआयमध्ये बहुधा दिसत नाही. खूप पुढे गेलेला आजार असेल तर मेंदू आक्रसलेला दिसतो, मधला पातळ पडदा फाटलेला दिसतो, पण तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. एमआरआयचाच एक प्रकार आहे, त्यात मेंदूतलं पाणी तंतूंच्या दिशेने कसं सरकतं ते मोजतात. तंतू उसवले असतील तर पाणी वाट सोडून पसरतं. आणखी एका प्रकारात सुईच्या टोकाएवढे जुने रक्तस्राव दिसतात. तिसरी वाट म्हणजे पेट स्कॅन. (हे यंत्र भारतात पहिल्यांदा आलं ते आपल्या मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, 2002 साली.) त्यात शरीरात किंचित किरणोत्सारी द्रव्य सोडतात, ते हव्या त्या ठिकाणी जाऊन चिकटतं आणि उजळतं. टाऊला चिकटणारं असं द्रव्य मिळालं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, सापडलं! 2019 मध्ये त्रास होत असलेल्या 26 माजी फुटबॉल खेळाडूंचे असे फोटो काढून 31 निरोगी माणसांच्या फोटोंशी ताडले. खेळाडूंच्या मेंदूत काही भागांत उजेड जास्त होता, पण सरासरीने. एकट्या माणसाचा फोटो हातात घेऊन 'याला आहे, याला नाही' असं म्हणता येईना. स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण आणि तो उजेड यांचाही मेळ बसेना. त्या द्रव्याला 2020 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती अल्झायमरसाठी. सीटीईचं पक्कं निदान अजूनही मृत्यूनंतरच होतं, आणि त्यासाठी कोणीतरी मेंदू द्यावा लागतो. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 1995 पासून मेंदूंची पेढी आहे. तिथे मुष्टियोद्धे किती आणि कबड्डीपटू किती आले असतील, देव जाणे.

मग जिवंतपणी डॉक्टर कशावर जातात? 2021 मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून काही कसोट्या ठरवल्या. त्यात पहिली कसोटी फोटोची नाहीच. पहिली कसोटी, डोक्याला वारंवार आघात झाल्याचा इतिहास. नंतर विसराळूपणा, ताबा सुटणं, वर्षागणिक वाढ, आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने हे सगळं झालेलं नाही याची खात्री. तिच्या डॉक्टरांनी हिस्टरी मागितली ती उगाच नव्हे.

आणि इथेच आपली पंचाईत. आपल्याकडे हा इतिहास कोणी लिहून ठेवतो का? उलट आपण त्याच्या वीरकथा करतो. 1981 च्या जानेवारीत सिडनीला लेन पास्कोचा चेंडू आपल्या शिवाजी पार्कच्या संदीप पाटीलच्या डोक्यावर आदळला. 65 धावांवर तो मैदानाबाहेर गेला आणि दुसऱ्या डावात पुन्हा खेळायला उतरला. पुढच्याच कसोटीत अ‍ॅडलेडला 174! आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. मीच आणले होते. आज ते सारं आठवलं की 174 चं कौतुक वाटतंच, पण दुसऱ्या डावाच्या वेळी त्याच्या डोक्याचं काय झालं असेल हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नव्हता. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घ्यायची मुभा कसोटीत आली ती 2019 च्या ऑगस्टमध्ये. 31 जानेवारी 2025 ला पुण्याजवळ गहुंजेच्या सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला, त्याच्या जागी हर्षित राणा आला, त्याने तीन बळी घेतले. आठवडाभर वाद कशाचा? फलंदाजाच्या जागी वेगवान गोलंदाज कसा घेतला याचा.

हेल्मेटबद्दलही आपला गोड गैरसमज आहे. ते कवटी फुटू देत नाही, म्हणून घातलंच पाहिजे. पण दह्याचा डबा कितीही मजबूत असो, रिक्षात हिसके बसले की आतलं दही मोडतंच.

माझा विद्यार्थी दहावीनंतर गोविंदा पथकात गेला. अंगाने हलका, म्हणून सगळ्यात वर. त्या काळात कसली बंधनं! मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालच्या मुलांना मनाई आणि 20 फुटांची मर्यादा घातली ती 2014 मध्ये. पुढे 2017 मध्ये वयाची अट 14 वर आली आणि उंचीची मर्यादा गेली. 2022 मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं, विमा आला. मृत्यूला 10 लाख, हात, पाय, डोळे यांचा वेगळा हिशोब. एकच प्रश्न तीनदा विचारण्याला रकाना कुठून असणार?

त्याच्या पथकातल्या एका जुन्या सवंगड्याला फोन केला. तोही आता आजोबा झालाय. मी विचारलं, "अरे, हा किती वेळा पडला असेल?" तो हसला. "सर, दहीहंडीच्या दिवशी दोनदा-तीनदा. सरावात कोण मोजतं? गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री थर लावायचो. पडला की पाणी मारायचं, की परत वर." मग थोडा थांबून म्हणाला, "एकदा तासभर स्वतःच्या आईला ओळखत नव्हता. आम्ही तिला सांगितलं, झोपेत आहे."

ती परवा पुन्हा आली. मी तिला आधी सांगून टाकलं की मी डॉक्टर नाही. तिच्या नवऱ्याला हाच आजार आहे असं कोणताही फोटो आज छातीठोक सांगणार नाही, आणि नाही असंही सांगणार नाही. विसराळूपणा थायरॉइडनेही होतो, झोपेच्या आजाराने, मनाच्या खचण्याने, जीवनसत्त्वांच्या कमतरतेने होतो. डॉक्टर ते सगळं तपासतील आणि त्यातलं जे सापडेल त्याला औषध आहे. तिने मान डोलावली. मग म्हणाली, "म्हणजे नाटक नाही ना, सर?" मी म्हटलं, "नाही गं. मुका मार असेल."

मग मी तिला माझी वही दिली. फुलस्केपची दोन पानं झाली होती. सवंगड्यांना फोन करून जमवलेली, वर्षवार. बावीस नोंदी. वेळ, जागा, कसा पडला, शुद्ध होती की नव्हती, आणि ज्याने पाहिलं त्याचं नाव. एखाद्या नोंदीला दोन साक्षीदार मिळाले तिथे दोघांचीही नावं.

पहिली नोंद मात्र मी कोणाला विचारून लिहिलेली नाही. 1987, नोव्हेंबर. आंतरशालेय कबड्डीचा अंतिम सामना, मुलगा नववीत. पकडीत डोकं जमिनीवर आपटलं. अर्धा-एक मिनिट डोळे उघडले नाहीत. उठल्यावर चढाईला निघाला तो आपल्याच अंगणाकडे, सगळी शाळा हसली. पी.टी.चे सर रजेवर, संघ इतिहासाच्या शिक्षकाकडे. शिक्षकाने डोक्यावर पाणी ओतलं, पाठीवर थाप मारली आणि परत मैदानात पाठवलं. तीन गुणांनी जिंकलो. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

तिने ते वाचलं. दोनदा वाचलं. काही बोलली नाही. वही पिशवीत, त्या फिल्मच्या शेजारी घातली आणि म्हणाली, "गुरुवारी नंबर लावलाय, सर. तुम्ही याल का बरोबर? डॉक्टर काही विचारतील."

सकाळी आठची लोकल पकडायची ठरली आहे.